रेडिओ केंद्राची गाणी अल्गोरिदमने कशी निवडावीत: खान्देशातील लहान केंद्रांसाठी सविस्तर पद्धत

रेडिओवर गाणी निवडण्याचे काम बाहेरून जितके रमणीय दिसते, तितके ते नसते. दिवसाला सहा तास संगीत वाजवणाऱ्या केंद्रात, निवेदनासह एका गाण्याला पाच मिनिटे धरली, तरी रोज ७२ गाणी लागतात आणि तीस दिवसांच्या महिन्यात २,१६० जागा भराव्या लागतात. लहान केंद्रात हे काम बहुधा एक निवेदक आणि एक तंत्रज्ञ मिळून करतात. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत दोघांचेही हात नकळत त्याच पन्नास-साठ गाण्यांकडे वळू लागतात. संग्रहात दोन हजार गाणी असली, तरी श्रोत्याच्या कानावर तीच ती येत राहतात. या ठिकाणी अल्गोरिदम उपयोगी पडतो, कारण कोणते गाणे शेवटचे कधी वाजले, हे तो विसरत नाही.

अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या क्रमाने लावायच्या नियमांची यादी. ते नियम कोणीतरी माणसाने लिहिलेले असतात आणि त्यात त्या माणसाचा हेतू असतो. मोबाइलवरील गाण्यांच्या ॲपचा हेतू एका श्रोत्याला जास्तीत जास्त वेळ ॲपमध्ये ठेवण्याचा असतो. आकाशवाणीचे स्थानिक केंद्र असो किंवा शंभर वॉट क्षमतेच्या प्रक्षेपकावर चालणारे सामुदायिक केंद्र असो, त्याचे देणे मात्र त्याच्या टप्प्यात राहणाऱ्या प्रत्येकाशी असते. ज्यांची गाणी आजवर कोणी ध्वनिमुद्रित केली नाहीत, त्यांच्याशीसुद्धा. म्हणून ॲपची पद्धत उचलून केंद्रात बसवता येत नाही, आपली पद्धत आपल्याला लिहावी लागते. ती कशी लिहावी, हे पुढे क्रमाने दिले आहे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, परंतु स्प्रेडशीट चालवण्याची सवय आणि नोंदी करण्याची चिकाटी लागते.

पहिली पायरी: धोरण एका पानावर लिहावे

नियम लिहिलेला नसला, की निवड एखाद्याच्या आवडीवर जाते आणि त्या आवडीला जाब विचारता येत नाही. याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले, त्यानंतर आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी सरळ काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. चित्रपटसंगीत सन्मानाने परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा शास्त्रीय संगीताविषयीचा आग्रह खोटा नव्हता, आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताला त्यांनी पुष्कळ दिले. परंतु श्रोत्याला विचारात न घेता लावलेला नियम टिकत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

धोरणाच्या पानावर चार गोष्टी असाव्यात: कोणत्या भाषेला किती वाटा, कोणते गाणे कधीही वाजवायचे नाही, श्रोत्यांच्या फर्माइशीला किती वजन, आणि हे सारे बदलण्याचा अधिकार कोणाला. भाषेचा वाटा टक्क्यांत लिहिण्यात संकोच करू नये. फ्रान्समध्ये १९९४ च्या कायद्यानुसार १९९६ पासून रेडिओवरील लोकप्रिय गीतांत ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतील असावी लागतात, आणि कॅनडातील व्यावसायिक केंद्रांना लोकप्रिय संगीतात ३५ टक्के कॅनेडियन गाणी वाजवावी लागतात. मोठ्या देशांना आपल्या भाषेसाठी अशी मोजपट्टी लागते, तर अहिराणीला ती का लागू नये?

शिरपूर-शहादा पट्ट्यातील एखाद्या केंद्रासाठी उदाहरणादाखल असे वाटे धरता येतील: अहिराणी २५ टक्के, मराठी चित्रपटगीते व भावगीते २५ टक्के, हिंदी चित्रपटगीते ३० टक्के, पावरी, भिली, मावची अशा आदिवासी भाषांतील गाणी १० टक्के आणि अभंग, भजन व शास्त्रीय मिळून १० टक्के. रावेर-यावल भागात लेवा बोलीला वेगळी ओळ द्यावी लागेल, नवापूर-अक्कलकुव्याकडे आदिवासी भाषांचा वाटा कितीतरी मोठा ठेवावा लागेल. सामुदायिक केंद्राने हेही ध्यानात ठेवावे की, त्याच्या कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत, अशी परवान्याच्या धोरणातच अपेक्षा आहे.

दुसरी पायरी: संग्रहाची नोंदवही

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. माझ्या अनुभवात एकूण श्रमांपैकी निम्म्याहून अधिक श्रम येथेच जातात आणि बहुतेक केंद्रे येथेच घाई करतात. अल्गोरिदमला गाणे ऐकू येत नाही, त्याला नोंदवहीतील ओळ दिसते. ती चुकीची असेल, तर त्याची निवडही चुकणारच.

बाजारात मिळणारी पुष्कळशी सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असल्यामुळे त्यांच्यात ‘कलाकार’ नावाचा एकच रकाना ठळक असतो. आपल्या गाण्याला गायक वेगळा, संगीतकार वेगळा, गीतकार वेगळा आणि चित्रपट वेगळा असतो, म्हणून हे चारही रकाने स्वतंत्र हवेत. त्यांशिवाय भाषा, प्रकार, लांबी, लय (संथ, मध्यम, जलद), स्त्री-स्वर की पुरुष-स्वर, ध्वनिमुद्रण कोणत्या तालुक्यातील, हंगाम, दिवसाचा प्रहर, हक्कांची स्थिती आणि शेवटचे प्रसारण, असे रकाने ठेवावेत.

नावांच्या लेखनात सर्वाधिक गोंधळ होतो. ‘लता मंगेशकर’, ‘लतादीदी’, ‘लता मंगेशकर व इतर’ आणि इंग्रजीत लिहिलेले नाव, या चार नोंदी संगणकाच्या लेखी चार गायिका असतात. मग एकाच गायिकेच्या दोन गाण्यांत दीड तासाचे अंतर ठेवण्याचा नियम लिहूनही एका तासात तिची चार गाणी येतात आणि नियम मोडल्याचे यंत्राला कळतही नाही. म्हणून नावांची एक मूळ यादी करावी आणि नोंद करणाऱ्याने त्या यादीतूनच नाव निवडावे, हाताने टंकू नये. खान्देशी बोलींत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. एका नोंदीत ‘डोळा’ आणि दुसरीत ‘डोया’ असेल, तर तेच गाणे दोनदा संग्रहात शिरते. गाण्याचे नाव जसे म्हटले जाते तसे एका रकान्यात आणि शोधण्यासाठी प्रमाण लेखन दुसऱ्या रकान्यात ठेवल्यास हा घोळ मिटतो.

याच्या अगदी उलट चूक आमच्या केंद्राच्या हातून झाली. गावोगाव फिरून मुद्रित केलेल्या लोकगीतांच्या कलाकार-रकान्यात आम्ही सरसकट ‘पारंपरिक’ असे लिहिले होते. यंत्राने ‘पारंपरिक’ हा एकच गायक मानला आणि अंतराचा नियम इमानेइतबारे पाळून लोकगीते दीड तासाला एक अशी बारीक करून टाकली. अहिराणीचा वाटा आठवडाभर का घसरतो आहे, हे शोधायला आम्हाला पाच दिवस लागले. शेवटी प्रत्येक मुद्रणासमोर गाणाऱ्या बाईचे, मंडळाचे किंवा निदान गावाचे नाव लिहिले, तेव्हा नियम सरळ चालला. ज्या बाया जात्यावर, झोक्यावर, लग्नघरी गात आल्या, त्यांची नावे नोंदवहीत आली, हा त्यातला आणखी एक लाभ.

भाषेचा रकाना माणसाने कानांनी ऐकून भरावा. स्वयंचलित भाषा-ओळख अहिराणीला कधी मराठीत, कधी गुजरातीत टाकते, कारण या बोलीचे लिखित व ध्वनिमुद्रित साहित्य अशा प्रणालींना फार थोडे मिळालेले असते. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदवली गेली आणि ती सांगणाऱ्यांची संख्या अठरा लाखांहून अधिक होती. तरीही यंत्राच्या दृष्टीने ती अजून जवळपास अदृश्यच आहे. लय मोजायला मात्र यंत्राची मदत जरूर घ्यावी. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील संगीत तंत्रज्ञान गटाने तयार केलेले ‘एसेन्शिया’ हे मुक्त साधन गाण्याची गती आणि ध्वनीची पातळी काढून देते. ढोल-मांदळाच्या गाण्यांत ते कधीकधी दुप्पट किंवा निम्मी गती सांगते, म्हणून दहातील दोन-तीन गाणी स्वतः ताल धरून तपासावीत.

हक्कांचा रकाना रिकामा असेल, तर गाणे यंत्राच्या हाती देऊच नये. प्रसिद्ध झालेल्या संगीतासाठी परवाना लागतो. प्रसारणकर्त्यांसाठी वैधानिक परवान्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१-डी म्हणून आली आहे. त्यासाठी काय वाजवले याची नोंद ठेवावी लागते आणि गीतकार-संगीतकारांचे रकाने नीट भरलेले असले, की ती नोंद आपोआप तयार होते. लोकगीतांच्या बाबतीत गाणाऱ्यांची संमती त्यांच्याच भाषेत समजावून घ्यावी, लिहिता येत नसेल तर ती मुद्रित करून ठेवावी, आणि एखादे गीत केवळ विधीच्या वेळी म्हणायचे असे त्यांनी सांगितले, तर त्यासमोर ‘प्रसारणासाठी नाही’ अशी खूण करावी. डोंगऱ्या देवाच्या उत्सवातील काही गाणी आणि पावरी या वाद्याचे वादन यांबाबत हा प्रश्न प्रत्यक्ष येतो. तेथे भगताचा शब्द शेवटचा मानावा.

तिसरी पायरी: हंगाम पंचांगावरून ठरवावा

एकदा मार्च महिन्यात आमच्या केंद्रात फोन वाजला आणि पलीकडून एक आजी अहिराणीत म्हणाल्या, “चैतमा कानबाईना गाना कसाले लावतस भो?” त्यांचा प्रश्न रास्त होता. कानबाईची गाणी श्रावणातील, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हाची. यंत्राला ती केवळ ‘अहिराणी, मध्यम लय, स्त्री-स्वर, बरेच दिवस विसावा मिळालेली’ अशी दिसली आणि बरेच दिवस वाजलेली नसल्यामुळे त्याने ती आवर्जून पुढे काढली.

हंगामाचा रकाना इंग्रजी तारखांनी भरणे हा यावरील उपाय नव्हे. नागपंचमी २०२३ मध्ये २१ ऑगस्टला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४ मध्ये ती ९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये २९ जुलैला आली. ऑगस्टचा पहिला पंधरवडा कानबाईसाठी कायम राखून ठेवला असता, तर तीनपैकी एका वर्षी गाणी सण येण्यापूर्वीच संपली असती आणि एका वर्षी सण येऊन गेल्यावरही वाजत राहिली असती. म्हणून दरवर्षी गुढीपाडव्याला पंचांग घेऊन बसावे आणि वर्षाच्या सणांच्या तारखांची स्वतंत्र यादी स्प्रेडशीटमध्ये भरावी: आखाजी (अक्षय्य तृतीया), आषाढी, कानबाई, पोळा, नवरात्र, सारंगखेड्याची दत्तयात्रा, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, होळी. गाण्यासमोर तारीख न लिहिता सणाचे नाव आणि ‘किती दिवस आधीपासून, किती दिवस नंतरपर्यंत’ हे दोन आकडे लिहावेत. आखाजीच्या झोक्याच्या गाण्यांना दहा दिवस आधी व एक दिवस नंतर पुरेसे होतात. होळीच्या गाण्यांना सातपुड्याच्या बाजूला अधिक मोठी मुदत लागते, कारण भोंगऱ्या बाजारांपासून काठी गावच्या होळीपर्यंत आणि पुढील गावांच्या होळ्यांपर्यंत ते वातावरण अनेक दिवस चालते.

प्रहराचा रकानाही याच जातीचा आहे. भैरव किंवा ललित हे सकाळचे राग सायंकाळी लावल्यास जाणकार श्रोता दुखावतो. भूपाळी दुपारी लावल्यास सगळेच हसतात. या रकान्यात तीनच मूल्ये ठेवावीत: योग्य वेळेला १, चालेल अशा वेळेला ०.५ आणि अयोग्य वेळेला शून्य.

चौथी पायरी: संग्रह पुरतो का, याचे गणित

अहिराणीचा वाटा २५ टक्के धरला, तर रोजच्या ७२ पैकी १८ जागा अहिराणीला जातात. संग्रहात वाजवण्याजोगी २५० अहिराणी गाणी असतील, तर एक गाणे पुन्हा यायला साधारण १४ दिवस लागतील, आणि हे अंतर चांगले आहे. संग्रहात फक्त ३० गाणी असतील, तर तेच गाणे दोन दिवसांच्या आत परत येईल आणि आठवडाभरात अहिराणीवर प्रेम करणारा श्रोताही वैतागेल. अशा वेळी अल्गोरिदम कितीही हुशार केला, तरी तो नसलेले गाणे आणू शकत नाही. यावर दोनच मार्ग आहेत: वाटा काही काळ कमी करणे, किंवा मुद्रणयंत्र घेऊन गावात जाणे. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. धोरणातील २५ टक्के कायम ठेवून भिंतीवर ‘आणखी किती गाणी हवीत’ हा आकडा लिहून ठेवला, की वहीगायनाची मंडळे, लग्नघरच्या बाया, शाळेतील मुले यांच्याकडे जाण्यास केंद्राला निमित्त मिळते.

या गणितात एक बारीक खाच आहे. एखाद्या गटात बरोबर ३६ गाणी असतील, रोज १८ वाजत असतील आणि ती क्रमाने फिरत असतील, तर प्रत्येक गाणे दर दोन दिवसांनी त्याच वेळी येईल. रोज सकाळी सात ते आठ रेडिओ ऐकणाऱ्याला वर्षभर तीच सहा गाणी ऐकू येतील आणि उरलेली तीस संग्रहात असल्याचे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून गटातील गाण्यांची संख्या रोजच्या वाजवण्याच्या पटीत ठेवू नये. ४१ गाणी ठेवली, की प्रत्येक फेरीत गाणे पाच जागांनी, म्हणजे तासाहून अधिक सरकते. शिवाय ‘हे गाणे मागील दोन वेळा याच तासाला वाजले असल्यास टाळावे’ असा नियमही जोडावा.

पाचवी पायरी: तासाचे घड्याळ

प्रत्येक तासाचा एक साचा ठरवावा, त्याला व्यवसायात ‘क्लॉक’ म्हणतात: पहिली जागा ओळखीच्या गाण्याची, दुसरी अहिराणीची, तिसरी मराठी भावगीताची, असे. शहरी केंद्रांचे साचे गाडीने कामावर जाणाऱ्यांच्या वेळांवर बेतलेले असतात, ते आपल्याकडे उपयोगाचे नाहीत. केळीच्या बागेत पहाटे पाणी धरणारा, कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठपासून शेतात असणारा स्त्रियांचा घोळका, आठवडे बाजाराला निघालेली माणसे, संध्याकाळी भाकरी थापताना रेडिओ लावणारे घर, यांच्या वेळा पाहून साचे करावेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा दुपारी एक ते चार कोणी बाहेर नसते. तो वेळ लांब गाण्यांना आणि शास्त्रीय संगीताला द्यावा. पाच-सहा साचे पुरेत.

सहावी पायरी: कडक नियम आणि त्यांचा क्रम

कडक नियम म्हणजे जे मोडायचेच नाहीत: प्रसारणास मनाई असलेले गाणे नको, हंगामाबाहेरचे किंवा प्रहर शून्य असलेले नको, तेच गाणे ठरावीक दिवसांच्या आत नको, एकाच गायकाची दोन गाणी नव्वद मिनिटांच्या आत नकोत, एकाच चित्रपटाची दोन गाणी चार तासांच्या आत नकोत, सलग तीन संथ गाणी नकोत. नियम जितके वाढवाल, तितके यंत्र अडते. सुरुवातीला सहा-सातच ठेवावेत आणि यंत्र अडले तर कोणता नियम आधी सैल करायचा, त्याचा क्रम लिहून द्यावा; चित्रपटाचे अंतर सैल झाले तर चालते, विधिगीताची मनाई कधीही नाही.

तासातील बारा गाण्यांचे सगळे क्रम तपासून यंत्र सर्वोत्तम क्रम का काढत नाही, असे कोणी विचारेल. बारा गाणी ४७,९०,०१,६०० प्रकारे मांडता येतात. हा हिशोब भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकपाशाच्या रीतीने कोणीही करू शकतो, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडलेला असल्यामुळे मला तो येथे सांगावासा वाटला. व्यवहारात यंत्र एकेक जागा भरत पुढे जाते आणि अडले तर दोन-तीन पावले मागे येऊन दुसरे गाणे लावून पाहते. तेवढे पुरते.

सातवी पायरी: गुण देणे

कडक नियमांतून पार पडलेल्या गाण्यांना गुण द्यावेत. तीन अंक गुणावेत: विसावा, प्रहर आणि वाटा. विसावा म्हणजे शेवटच्या प्रसारणाला झालेले दिवस भागिले त्या गटाचे आदर्श अंतर, मात्र हा अंक दोनच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर विसरलेले वाईट गाणेही केवळ जुने म्हणून पुढे येते. वाटा म्हणजे धोरणातील टक्केवारी भागिले या आठवड्यात प्रत्यक्षात मिळालेली टक्केवारी.

समजा, एक अहिराणी गाणे २० दिवसांपूर्वी वाजले आहे आणि आदर्श अंतर १४ दिवस आहे; विसावा झाला १.४३. प्रहर योग्य, म्हणजे १. अहिराणीला २५ टक्के मिळायला हवेत आणि आतापर्यंत २० मिळाले आहेत, वाटा १.२५. गुण सुमारे १.७९. दुसरे हिंदी चित्रपटगीत ५ दिवसांपूर्वी वाजले, आदर्श अंतर ७ दिवस, विसावा ०.७१, हिंदीला ३० टक्क्यांऐवजी ३६ टक्के मिळाले आहेत, वाटा ०.८३, प्रहर येथेही १, गुण सुमारे ०.६०. साच्यातील ती जागा कोणत्याही भाषेला मोकळी असेल, तर पहिल्या गाण्याची शक्यता दुसऱ्याच्या तिप्पट होते. येथे सर्वाधिक गुणांचे गाणे सरळ उचलू नये. वरच्या दहा गाण्यांत गुणांच्या प्रमाणात चिठ्ठी टाकावी, म्हणजे क्रम आधीच ओळखता येत नाही आणि कमी गुणांच्या गाण्यालाही अधूनमधून दार उघडते.

लोकप्रियतेचा अंक या सूत्रात मुद्दाम ठेवलेला नाही. वाजते म्हणून माहीत होते, माहीत होते म्हणून मागितले जाते आणि मागितले जाते म्हणून पुन्हा वाजते, हे चक्र एकदा सुरू झाले, की डीजेवर गाजलेली दहा गाणी सगळा दिवस खाऊन टाकतात. ती गाणी वाजवू नयेत असे मी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या साच्यात त्यांची जागा असावी.

आठवी पायरी: फर्माइशींचे वजन

रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये सुरू झाली. तिच्यातील गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर ठरे. फर्माइशींच्या त्या काळात झुमरी तलैया हे आज झारखंडात असलेले गाव केवळ तेथून येणाऱ्या पत्रांमुळे देशभर माहीत झाले. पत्रे खरी होती, परंतु पोते भरून पत्रे आली म्हणजे तेवढे श्रोते झाले, असे होत नाही. आज व्हॉट्सॲपच्या गटावर ‘सगळ्यांनी हेच गाणे मागा’ असा एक संदेश फिरला, की तेच घडते.

म्हणून एका क्रमांकाची एका गाण्यासाठी आठवड्यात एकच फर्माइश मोजावी आणि एका गावातून आलेल्या फर्माइशींचे वर्गमूळ घ्यावे. एकाच गावातून १०० फर्माइशी आल्या, तर वजन १०. चार-चार फर्माइशी आठ गावांतून आल्या, तर प्रत्येकी २ प्रमाणे १६. बत्तीस माणसांची विखुरलेली मागणी शंभरांच्या एकवटलेल्या मागणीहून जड ठरते आणि केंद्राचा टप्पा अनेक गावांचा असल्यामुळे ते योग्यच आहे. या वजनावर फक्त फर्माइशीच्या कार्यक्रमातील जागा भराव्यात. फर्माइश करणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आठवड्याची मोजणी झाली, की पुसून टाकावेत आणि नोंदीत गावाचे नाव एवढेच उरू द्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार करता तेच सुरक्षित आहे.

नववी पायरी: साधने आणि आवाजाची पातळी

गाण्यांचे वेळापत्रक करणारी व्यावसायिक सॉफ्टवेअर १९७९ मध्ये आलेल्या ‘सिलेक्टर’पासून उपलब्ध आहेत, पण लहान केंद्राला त्यांची किंमत परवडत नाही. ‘लिब्रेटाइम’ आणि ‘रिव्हेंडेल’ ही दोन्ही मुक्त व विनामूल्य आहेत. लिब्रेटाइममध्ये ‘स्मार्ट ब्लॉक’ नावाची सोय असून भाषा, प्रकार, लांबी अशा निकषांवर ती जागा भरून देते. पंचांग आणि वाट्याचे गुण तिच्यात नाहीत. ते स्प्रेडशीटमध्ये किंवा पायथन या संगणकभाषेच्या दीड-दोनशे ओळींत काढून तयार यादी तिच्यात चढवावी. जवळच्या महाविद्यालयातील संगणकाचे विद्यार्थी हे काम प्रकल्प म्हणून आनंदाने करतात. मात्र लिहिलेल्या नियमांची मराठीतील प्रत त्यांच्याकडून घेतल्याशिवाय त्यांना सोडू नये.

ओसरीवर मुद्रित केलेले ओवीचे गाणे आणि स्टुडिओत ठोकून तयार केलेले नवे गाणे पाठोपाठ आले, तर पहिले ऐकू येत नाही आणि दुसरे कान फोडते. युरोपियन प्रसारण संघाच्या ‘आर १२८’ या शिफारशीत सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) धरली आहे. तीच घ्या किंवा दुसरी, परंतु सगळ्या संग्रहाला एकच पातळी लावा. क्षेत्रीय मुद्रणाचा आवाज वाढवताना मागची कुजबुज आणि वारा तेवढाच वाढतो, हे ऐकूनच ठरवावे.

दहावी पायरी: समांतर चालवणे, मग सोपवणे

पहिले चार आठवडे यंत्राची यादी फक्त कागदावर काढावी आणि प्रसारण निवेदकाच्याच यादीने करावे. दर शनिवारी दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. निवेदक ‘हे गाणे मी येथे कधीच लावले नसते’ असे म्हणेल, तेव्हा त्याचे कारण विचारावे. निम्म्या वेळा कारण सवयीचे निघते, उरलेल्या वेळा नोंदवहीत नसलेला एखादा रकाना सापडतो. त्यानंतर दुपारचे तास यंत्राकडे द्यावेत आणि सकाळ-संध्याकाळ सर्वांत शेवटी. तासातील बारापैकी दोन जागा मात्र कायम निवेदकाच्या हाती रिकाम्या ठेवाव्यात. नुकतेच कोणी सुंदर गाऊन गेले, बाहेर अचानक पहिला पाऊस आला, अशा वेळी त्या जागा लागतात.

निवेदकाच्या टेबलावर एक ‘थांबा’ कळही असावी. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना वाचून होताच यंत्राने पावसाचे आनंदगीत लावले, तर केंद्राची लाज जाते. राष्ट्रीय दुखवट्यात चित्रपटगीते चालू राहिली, तर लाजेपेक्षा अधिक काही जाऊ शकते. ही कळ दाबली, की यंत्राने आधीच निवडून ठेवलेल्या शांत वाद्यसंगीताच्या यादीवर जावे आणि माणसाने पुन्हा चालू करेपर्यंत तेथेच राहावे. हीच यादी एका जुन्या मोबाइलमध्येही भरून ठेवावी, कारण वीज गेली आणि बॅटरी दमली, की संगणक सर्वांत आधी बंद पडतो. दुसऱ्या दिवशीची संपूर्ण यादी आदल्या सायंकाळी छापून स्टुडिओत टांगण्याची सवयही त्यासाठीच आहे.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मागील महिन्याची मोजणी काढावी: प्रत्येक भाषेला धोरणाप्रमाणे वाटा मिळाला का, स्त्री-स्वर किती, कोणत्या तालुक्यातील मुद्रणे एकदाही वाजली नाहीत, संग्रहातील किती गाणी तीन महिन्यांत हललीच नाहीत, निवेदकाच्या रिकाम्या जागांत काय वाजले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा गमतीचे असते, कारण तेथेही तीच पन्नास गाणी परत येतात. ही मोजणी आणि धोरणाचे पान केंद्राच्या फाटकावर लावावे, त्यातील ठळक आकडे अहिराणीत आणि पावरीत वाचून प्रसारित करावेत, आणि हरकत नोंदवण्यासाठी एक वही तेथेच दोरीने बांधून ठेवावी. वहीतील हरकतींवर महिनाअखेरच्या बैठकीत निर्णय घ्यावा, निर्णय झालेला आकडा त्याच रात्री स्प्रेडशीटमध्ये बदलावा आणि बदलणाऱ्याने शेजारच्या रकान्यात तारीख व कारण लिहून सही करावी.